मिलवॉकीत घर कुणाला मिळालं

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराच्या डाउनटाउनमध्ये नदीवरचे पूल तिरके आहेत. पूर्वेकडून सरळ येणारा रस्ता नदीपाशी आला की अंग चोरून वळतो, तिरपा पूल ओलांडतो आणि पलीकडे भलत्याच ठिकाणी जाऊन मिळतो. नवख्या माणसाला वाटतं, नदीच्या वळणामुळे असं झालं असेल. खरं तर यामागे एक जुनं भांडण आहे. १८३० च्या दशकात इथे तीन गावं वसली. पूर्वेला सॉलोमन जूनोचं, पश्चिमेला बायरन किलबर्नचं, दक्षिणेला जॉर्ज वॉकरचं. तिघांनाही प्लॉट पाडून विकायचे होते. पलीकडच्या गावाची गरजच पडू नये म्हणून किलबर्नने आपले रस्ते मुद्दाम जूनोच्या रस्त्यांशी जुळू दिले नाहीत. १८४५ मध्ये पुलांवरून प्रकरण इतकं पेटलं की लोकांनी एकमेकांचे पूल पाडले, हाणामाऱ्या झाल्या. शेवटी जानेवारी १८४६ मध्ये तिन्ही गावांचं मिळून एक शहर झालं आणि न जुळणाऱ्या रस्त्यांना तिरक्या पुलांनी जोडून घ्यावं लागलं.

त्याआधी इथे पोटावाटोमी, मेनॉमिनी, हो-चंक लोक राहत होते. तीन नद्या एकत्र येऊन मिशिगन सरोवराला मिळतात त्या जागी मोठी दलदल होती आणि तिच्यात जंगली भात उगवायचा. १८३३ च्या शिकागोच्या तहात पोटावाटोमींकडून सरोवराकाठचा मुलूख लिहून घेतला गेला आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेकांना मिसिसिपीच्या पलीकडे हाकललं गेलं. मेनॉमनी नदीच्या दरीतली दलदल भराव टाकून बुजवली. तिथे रेल्वेचे रूळ, कातडी कमावण्याचे कारखाने, कत्तलखाने आणि ओतशाळा उभ्या राहिल्या.

मी या शहराच्या कडेला, वॉवाटोसा नावाच्या उपनगरात राहते. इथली माणसं त्याला ‘टोसा’ म्हणतात. बरीच वर्षं मला मिलवॉकी म्हणजे बिअर, हार्ली-डेव्हिडसन आणि हिवाळ्यातला बर्फ एवढंच ठाऊक होतं. मग हळूहळू सुट्टीच्या दिवशी जुन्या वस्त्यांमधून पायी फिरायची सवय लागली. फिरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. इथल्या प्रत्येक वस्तीचा इतिहास शेवटी एकाच प्रश्नापाशी येतो: इथे घर विकत घ्यायची मुभा कुणाला होती?

जर्मन लोकांचं त्या मानाने लवकर बस्तान बसलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शहर ‘जर्मन अथेन्स’ म्हणून ओळखलं जायचं. पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर या दारूभट्ट्या त्यांच्याच. त्यांची वर्तमानपत्रं होती, नाटकं होती, व्यायामशाळा होत्या. कसरत आणि राजकारण दोन्ही चालायचं तो टर्नर हॉल १८८२ च्या सुमाराचा, अजून उभा आहे. इथल्या चिकणमातीची वीट भाजल्यावर फिकट पिवळी होते. त्या विटांची घरं, गिरण्या आणि चर्च यांमुळे शहराला ‘क्रीम सिटी’ हे नाव पडलं.

माझं मन रमतं ते दक्षिणेला, पोलिश वस्तीत.

पोलंड तेव्हा नकाशावरून पुसलेला देश होता. प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. मिलवॉकीत आले ते बहुतेक प्रशियाच्या ताब्यातल्या भागातले. शेतमजूर, अल्पभूधारक माणसं. ज्याच्या नावावर कधी हातभर जमीन नव्हती त्याने इथे येऊन पहिलं काय केलं असेल, तर पै-पै साठवून जेमतेम पंचवीस-तीस फूट रुंदीचा एक प्लॉट घेतला आणि त्यावर लाकडी घर बांधलं, दोन-तीन खोल्यांचं. कर्ज द्यायला त्यांच्याच लोकांनी चालवलेल्या बचत-कर्ज सोसायट्या होत्या.

मग पोरंबाळं वाढली, गावाकडून धाकटा भाऊ आला, मेव्हणा आला. आपल्याकडे चार पैसे गाठीला आले की घरावर माडी चढवतात. या लोकांनी उलट केलं. अख्खं लाकडी घर जॅक लावून उचललं आणि त्याच्या खाली नवा मजला घातला. अर्धा जमिनीत, अर्धा वर. खालच्या मजल्याला भिंती विटांच्या, खिडक्या रस्त्याच्या पातळीला, आणि आत शिरायला चार पायऱ्या उतरायच्या. वरच्या दाराला आता उंच लाकडी जिना. घरमालक एका मजल्यावर, भाऊ नाहीतर भाडेकरू दुसऱ्यावर, आणि भाड्याच्या पैशांतून कर्जाचा हप्ता. याला इथे ‘पोलिश फ्लॅट’ म्हणतात. लिंकन अ‍ॅव्हेन्यूच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत अशी घरं आजही ओळीने उभी आहेत.

पुण्याहून माझे काका आले होते. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली. त्यांना सरोवराचा काठ दाखवला, आर्ट म्युझियमचे ते प्रसिद्ध पांढरे पंख दाखवले, त्यांनी मान डोलावली. पण पोलिश फ्लॅटपाशी ते थबकले. वाकून विटांची भिंत आणि वरची लाकडी चौकट जिथे मिळते ती रेघ बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं. “वरचं ओझं एका बाजूला गेलं असतं तर घर मोडलं असतं,” म्हणाले. “सगळे जॅक एकसारखे चढवायला माणसं एकमेकांच्या हाकेला पक्की लागतात.” मला तोवर ते घर फक्त गमतीशीर दिसत होतं. काकांच्या बोलण्यानंतर त्याच्याभोवतीचे आठ-दहा शेजारी दिसायला लागले, दिवसभर ओतशाळेत राबून संध्याकाळी दुसऱ्याचं घर उचलायला आलेले.

याच लोकांनी सेंट जोसाफाटचं चर्च बांधलं. शिकागोचं जुनं पोस्ट आणि कस्टम्सचं सरकारी भवन पाडलं जात होतं. फादर विल्हेल्म ग्रुट्झा यांनी त्याचा मालमसाला २० हजार डॉलरला घेतला. दगड, खांब, कठडे, दारांच्या मुठीसुद्धा, सगळं मिळून सुमारे ५०० उघड्या रेल्वे वाघिणींतून मिलवॉकीत आलं. वास्तुकार एर्हार्ड ब्रीलमायर यांनी त्या दगडांना साजेसा नवा आराखडा केला. १९०१ मध्ये चर्च पुरं झालं आणि त्याच वर्षी ग्रुट्झा वारले. कर्जाचा डोंगर मात्र मागे राहिला. गिरणीत आणि कातडी कारखान्यात काम करणाऱ्या कुटुंबांनी ते फेडायला १९२५ उजाडलं, आणि काहींनी त्यासाठी आपली राहती घरं गहाण टाकली. आत जाऊन त्या घुमटाखाली उभं राहिलं की हा हिशेब आठवतो आणि मला भरून येतं.

या माणसांनी रक्तही सांडलं आहे. मे १८८६ मध्ये देशभर आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी चळवळ चालू होती. शिकागोच्या हेमार्केटमध्ये बॉम्ब फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ मे रोजी, सेंट स्टॅनिस्लॉस चर्चपाशी जमलेले सुमारे दीड हजार कामगार, त्यांतले बरेचसे पोलिश, बे व्ह्यूच्या लोखंडी रोलिंग मिलकडे चालत निघाले. राज्यपाल जेरेमाया रस्क यांनी निमलष्करी दल आणून ठेवलं होतं. गोळीबार झाला. किमान सात जण गेले. त्यांत १३ वर्षांचा एक शाळकरी मुलगा होता आणि मोर्च्याशी काही संबंध नसलेला, स्वतःच्या आवारात असलेला एक म्हातारा. दर मे महिन्यात बे व्ह्यूत आजही लोक त्या जागी जमतात.

घर बांधलं म्हणजे ते आपलं झालं असं मात्र नव्हतं. जोन्स आयलंड नावाची एक चिंचोळी पट्टी बंदराच्या तोंडाशी आहे. बाल्टिक किनाऱ्यावरच्या हेल द्वीपकल्पातून आलेल्या काशुब कोळ्यांनी १८७० च्या दशकापासून तिथे आपलं गाव वसवलं. होड्या, जाळी, मासे धुरवायच्या खोपट्या, वाळूतून जाणाऱ्या पायवाटा. सगळं होतं, जमिनीचे कागद तेवढे नव्हते. आधी पोलाद कंपनीने त्यांच्यावर दावे लावले, मग शहराला बंदर वाढवायचं होतं आणि मैलापाणी शुद्ध करायचा कारखाना उभारायचा होता. १९२० च्या दशकात बहुतेकांना उठवलं, शेवटची माणसं १९४० च्या दशकात गेली. त्या कारखान्यात १९२६ पासून गाळाचं खत बनतं, ‘मिलऑर्गनाइट’ नावाने देशभर विकलं जातं. गावाची आठवण म्हणून चार झाडांची एक चिमुकली बाग ठेवली आहे. सातबारा नसला की पन्नास वर्षांचा संसारही अतिक्रमण ठरतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला समजावून सांगायला नको.

थर्ड वॉर्डमध्ये आधी आयरिश होते. १८६० मध्ये ‘लेडी एल्गिन’ ही बोट सरोवरात बुडाली, सुमारे ३०० माणसं गेली, त्यांतली कितीतरी याच वस्तीतली. १८९२ च्या आगीत चारशेहून अधिक इमारती जळाल्या आणि आयरिश पांगले. मग सिसिलीहून इटालियन आले, भाजी-फळांचा व्यापार जमवला, गुलाबी रंगाचं एक लहानसं चर्च बांधलं. ते १९६७ मध्ये फ्रीवेसाठी पाडलं. आता तिथे महागडे लॉफ्ट आणि कॉफीची दुकानं आहेत.

आता उत्तरेकडे. वॉलनट स्ट्रीट.

१९०६ मध्ये तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या पिन्स्कहून आलेलं एक ज्यू कुटुंब या रस्त्यावर राहायला लागलं. आई किराणा दुकान चालवायची आणि आठ वर्षांची मुलगी शाळेला उशीर करून गल्ला सांभाळायची. ती पुढे इस्रायलची पंतप्रधान झाली. गोल्डा मेयर यांची ती फोर्थ स्ट्रीट शाळा आता त्यांच्या नावाने चालते. ज्यू कुटुंबं हळूहळू पश्चिमेला सरकली आणि वॉलनट स्ट्रीट काळ्या लोकांचा झाला. हॉटेलं, जॅझचे क्लब, डॉक्टर, न्हावी, वर्तमानपत्र, सगळं याच रस्त्यावर. या भागाला ‘ब्राँझव्हिल’ म्हणत. दक्षिणेतल्या राज्यांमधून आलेली ही माणसं ओतशाळा, कातडी कारखाने आणि कत्तलखाने यांतली सगळ्यात तापदायक, सगळ्यात घाणेरडी कामं करायची. मोठ्या कारखान्यांची दारं त्यांना खऱ्या अर्थाने उघडली ती दुसऱ्या महायुद्धात.

पोलिश मजुराने जे केलं तेच या मजुरालाही करायचं होतं. पैसे साठवायचे, घर घ्यायचं, खालचा मजला भाड्याने द्यायचा. पण १९३० च्या दशकाच्या शेवटी सरकारी संस्थेने कर्जासाठी शहराचे नकाशे केले तेव्हा हा भाग लाल रंगवला गेला. लाल म्हणजे कर्जाला धोक्याचा. आणि भाग सोडून दुसरीकडे जावं, तर खरेदीखतातच अट घातलेली. मी राहते त्या टोसामध्ये वॉशिंग्टन हायलंड्स नावाची सुंदर वसाहत आहे. पॅब्स्ट कुटुंबाच्या जुन्या शेतजमिनीवर आखलेली, वळणदार रस्त्यांची, मोठ्या झाडांची. १९१९ च्या तिच्या करारात लिहिलं होतं की इथलं घर गोऱ्या वंशाखेरीज कुणी विकत घ्यायचं नाही, भाड्याने घ्यायचं नाही, त्यात राहायचंही नाही. घरकामाला ठेवलेला नोकर राहू शकेल, एवढी सूट. मिलवॉकी काउंटीच्या बहुतेक उपनगरांत असल्या अटी होत्या. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कोर्टामार्फत लागू करायला बंदी घातली, तरी जुन्या कागदांवर त्या तशाच राहिल्या. मी त्या वसाहतीत संध्याकाळी फिरायला जाते. ‘गोऱ्या वंशाखेरीज’ या शब्दांत मीही येते, हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा पोटात गोळा आला.

विल्बर आणि आर्डी हॅल्यार्ड या नवरा-बायकोबद्दल इथल्या किती माणसांना ठाऊक आहे कोण जाणे. बँका काळ्या लोकांना घरासाठी कर्ज देत नाहीत म्हणून त्यांनी १९२४ मध्ये स्वतःच कोलंबिया बिल्डिंग अँड लोन ही संस्था काढली. सुरुवातीला पगार न घेता, दिवसभराची नोकरी सांभाळून आर्डी हिशेब ठेवायच्या. सहकारी पतपेढीत बचतीची वही घेऊन गेलेल्या कुणालाही या कामाची किंमत कळेल. मला विचाराल तर या शहरात एखादा पुतळा उभारायचा असेल तर तो आर्डीबाईंचा असावा, हातात खातेवही घेतलेला.

१९५० मध्ये मिलवॉकीत काळ्या लोकांची संख्या २२ हजारांच्या आसपास होती. १९७० मध्ये ती एक लाख पाच हजारांवर गेली. माणसं पाचपट आणि राहायची जागा मात्र तेवढीच आखलेली. त्यात १९६० च्या दशकात नॉर्थ-साउथ फ्रीवे ब्राँझव्हिल चिरून गेला. वॉलनट स्ट्रीटवरची दुकानं गेली, आजूबाजूची शेकडो घरं गेली. त्याच फ्रीवेने पुढे दक्षिणेला पोलिश वस्तीही कापली. पण उठवलेला पोलिश माणूस दक्षिणेला आणखी दोन मैल सरकून नवं घर घेऊ शकत होता. ब्राँझव्हिलचा माणूस कुठे जाणार?

वेल फिलिप्स १९५६ मध्ये शहराच्या कौन्सिलवर निवडून आल्या. पहिली स्त्री आणि पहिली काळी सदस्य. १९६२ मध्ये त्यांनी ठराव मांडला की घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश बघायचा नाही. बाजूने एक मत पडलं, त्यांचं स्वतःचं. विरोधात १८. त्यांनी तो पुन्हा मांडला, पुन्हा मांडला, आणि दर वेळी तेच झालं.

२८ ऑगस्ट १९६७ ला काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या युथ कौन्सिलची तरुण मुलं सोळाव्या रस्त्याच्या लांब पुलावर चढली. मेनॉमनी दरीवरचा हा पूल तेव्हा काळ्या उत्तरेला गोऱ्या दक्षिणेशी जोडायचा. आफ्रिका आणि पोलंड यांना जोडतो म्हणून हा जगातला सगळ्यात लांब पूल, असं तेव्हा मिलवॉकीत म्हणत. मुलांबरोबर फादर जेम्स ग्रॉपी होते, बे व्ह्यूतल्या इटालियन किराणा दुकानदाराचे चिरंजीव. मोर्चा चालला होता कोशुश्को पार्ककडे. पलीकडे हजारोंचा जमाव उभा होता. दगड, बाटल्या, शिव्या. दुसऱ्या रात्री जमाव सुमारे १३ हजारांवर गेला. त्याच रात्री उत्तरेला मुलांचं कार्यालय, ‘फ्रीडम हाउस’, जळून खाक झालं.

दगड मारणाऱ्यांमध्ये पोलिश फ्लॅटमध्ये वाढलेली माणसं होती, यावर मी खूप विचार केला आहे. त्यांची भीती मला कळते. आयुष्यभराची कमाई त्या पंचवीस फुटी प्लॉटमध्ये होती, आणि काळा शेजारी आला की घराची किंमत कोसळते असं दलालांनी आणि बँकांनीच त्यांच्या मनात भरवलं होतं. तरीही ज्यांच्या आजोबांच्या मोर्च्यावर १८८६ मध्ये गोळ्या चालल्या त्यांच्या नातवंडांनी चालत आलेल्या मुलांवर बाटल्या फेकाव्यात, हे मला पचत नाही. बागेत ज्याचा घोड्यावरचा पुतळा आहे त्या पोलिश सेनानी कोशुश्कोने आपली अमेरिकेतली मिळकत गुलामांना विकत घेऊन मुक्त करण्यासाठी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. त्याच पुतळ्याच्या आसपास त्या रात्री मुलांविरुद्धच्या घोषणा दिल्या गेल्या.

मुलं हटली नाहीत. सलग २०० रात्री चालली. पाऊस, हिमवर्षाव, शून्याखालची थंडी, काही असो. १४ मार्च १९६८ ला मोर्चे थांबले. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घरांतल्या भेदभावाविरुद्धच्या राष्ट्रीय कायद्यावर सही केली आणि ३० एप्रिलला मिलवॉकीच्या कौन्सिलने त्याहून कडक असा आपला कायदा केला.

दार उघडलं तेव्हा घरातलं धान्य सरत आलं होतं. ए. ओ. स्मिथच्या कारखान्यात १९२१ पासून मोटारींच्या सांगाड्यांचं स्वयंचलित उत्पादन होतं, दिवसाला सुमारे दहा हजार सांगाडे. उत्तरेकडच्या कुटुंबांना घराचे हप्ते भरायला पुरेल असा पगार देणारी ती जागा होती. १९९७ मध्ये तो कारखाना दुसऱ्या कंपनीला विकला, २००६ मध्ये बंद झाला. श्लिट्झची भट्टी १९८१ मध्ये विझली, यंत्रं बनवणारी अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनी १९८७ मध्ये दिवाळखोरीत गेली, पॅब्स्ट १९९६ मध्ये थांबली. १९६० मध्ये शहराची वस्ती ७ लाख ४१ हजार होती, २०२० मध्ये ५ लाख ७७ हजार. उत्तरेकडे फिरताना दोन घरांमध्ये गवताचे रिकामे चौकोन दिसतात. तिथे घरं होती.

आमच्या मराठी मंडळींत बसलं की कुणीतरी नव्याने आलेल्याला हमखास सांगतं, “त्या बाजूला फिरकू नका.” सांगणाऱ्याचा हेतू काळजीचा असतो. पण आपण इथे कसे आलो हे त्या वेळी कुणी बोलत नाही. १९६५ च्या कायद्याने आपल्याला देशात येऊ दिलं, आणि काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीने हवा बदलली नसती तर तो कायदा झाला नसता. १९६८ च्या कायद्याने ब्रुकफील्ड, न्यू बर्लिन, टोसा इथली घरं आपल्याला मिळू दिली. डिग्री आपली, मेहनत आपली, हे खरंच आहे. पण आमच्या घराच्या कागदांवर एका दुपारी सह्या झाल्या आणि कुणी कातडीचा रंग बघितला नाही, त्यासाठी चालणारी मुलं सतरा-अठरा वर्षांची होती आणि ती ‘त्या बाजूची’ होती.

दक्षिणेकडे आता बऱ्याच पोलिश फ्लॅटमध्ये मेक्सिकन कुटुंबं राहतात. त्यांचे पहिले लोक १९२० च्या सुमारास कातडी कारखान्याने बोलावून आणले होते. सोळाव्या रस्त्याचा पूल जिथे दक्षिणेत उतरतो तिथून पुढच्या रस्त्याला आता शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांचं नाव आहे आणि पुलाला फादर ग्रॉपींचं. अलीकडे म्यानमारमधून हाकललेली रोहिंग्या कुटुंबंही दक्षिणेकडे मोठ्या संख्येने आली आहेत. उत्तरेला फोर्थ स्ट्रीटचं नाव २०१८ मध्ये वेल आर. फिलिप्स अ‍ॅव्हेन्यू झालं. त्याच रस्त्यावर नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्याला काळ्या लोकांच्या इतिहासाचं संग्रहालय २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. ते जेम्स कॅमरन यांनी स्थापलं होतं, तरुणपणी जमावाच्या फासातून वाचलेल्या माणसाने.

आमच्या मराठी मंडळाची उन्हाळी सहल दर वर्षी सरोवराकाठी असते, पोहे, क्रिकेट आणि अंताक्षरी. यंदा मी कमिटीला वेगळा बेत दिला आहे. सकाळी संग्रहालय, मग वेल फिलिप्स अ‍ॅव्हेन्यूने वॉलनट स्ट्रीटपर्यंत खाली, तिथून सोळाव्या रस्त्याच्या पुलावरून दक्षिणेत, चावेझ ड्राइव्हवर जेवण, आणि दुपारी जोसाफाटचा घुमट. मुलांना न्यायचंच आहे, आजी-आजोबांसाठी गाडी मागे ठेवू. एकाने विचारलं की पुलावर सगळ्यांनी गाडीतूनच का जाऊ नये. मी म्हटलं, नको, तेवढं चालूच. पूल जेमतेम अर्ध्या मैलाचा आहे.